अक्षर सुंदर, मजकूर नाही

थिटे सरांना आम्ही ‘शेरा’ म्हणायचो. समोर नाही, अर्थात. प्रगतिपुस्तकात सगळ्यात खाली शेऱ्याचा एक रकाना असतो. बाकीचे मास्तर तिथं ‘प्रगती समाधानकारक’ किंवा ‘अभ्यासात लक्ष द्यावे’ असं खरडून मोकळे होतात. मी स्वतः आता नगरला शिक्षिका आहे आणि माझ्या हातूनही चाळीस पुस्तकांत चाळीस वेळा ‘प्रगती चांगली’च पडतं. थिटे सर त्या बोटभर जागेत माणूस सोलून ठेवायचे.

आमचं खडकतळं जामखेडच्या पुढं, डोंगराच्या कडेला. हायस्कूल दहावीपर्यंत. आमच्या दहावीच्या वर्गात आम्ही अकरा जण होतो, सात मुलं आणि चार मुली. साठ पोरांच्या वर्गात मास्तरचा राग वाटून जातो, आपल्या वाट्याला थोडासाच येतो. अकरा जणांत प्रत्येकाला पोटभर मिळायचा. माझ्या एकटीच्या मनातून तो माणूस इतक्या वर्षांत गेला नाही, आणि त्याचं कारण फक्त त्याचा दुष्टपणा असता तर मी हे लिहायला बसलेच नसते.

सर उंच आणि वाळके होते. खिशाला दोन शाईची पेनं. निळं मजकुराला, लाल शेऱ्याला. लिहून झालं की निब डोक्याच्या केसांना पुसायचे. केस अकालीच पांढरे झालेले, त्यामुळे उजव्या कानाच्या वर कायम एक लाल पट्टा दिसायचा. नवीन आलेल्या पाचवीच्या पोरांना तो जखमेसारखा वाटायचा आणि ती घाबरून त्यांना ‘सर, लागलं का’ म्हणून विचारायची. त्यावर सर म्हणायचे, “मला नाही. लागेल ते तुम्हाला.”

त्यांचा आवडता शब्द ‘मजकूर’. पोरगं उत्तर देताना घोळ घालायला लागलं, की टेबलावर बोट आपटून म्हणायचे, “मजकूर सांग, मजकूर.” पंधरा ऑगस्टला सरपंच अर्धा तास बोलले. खाली बसता बसता त्यांनी शेजारी बसलेल्या सरांना विचारलं, “कसं झालं, मास्तर?” सर म्हणाले, “आवाज चांगला.” सरपंच खूश झाले. पुढचं वाक्य सर गिळतात असं कधी व्हायचं नाही, पण तेवढ्यात पोरांनी वंदे मातरम् सुरू केलं म्हणून सरपंच वाचले.

चहालाही शेरा, भाजीलाही शेरा. गावात कोणाची नवी सून आली तर बायका मुद्दाम सरांच्या वाटेवर तिला पाणी आणायला पाठवायच्या नाहीत, इतकी दहशत.

दत्ता नावाचा मुलगा आमच्यात होता. त्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि त्यालाही न्यायचे, तो उन्हाळ्याच्या तोंडावर परत उगवायचा. नववीत सरांनी त्याचं प्रगतिपुस्तक वर्गात मोठ्यानं वाचलं. “दत्ता हा या शाळेतला पाहुणा आहे. पाहुण्याने फार दिवस राहू नये, हे तो कटाक्षाने पाळतो.” आम्ही खो खो हसलो. दत्ताही हसला. तो हसला नसता तर आम्ही त्याला जगू दिलं नसतं, हे त्याला कळत होतं.

पण त्याच दिवाळीत, ट्रक भरायच्या आदल्या दिवशी, सर दत्ताच्या घरी जाऊन उभे राहिले. वर्गात पुस्तकी बोलणारा हा माणूस दारात उभं राहून आमच्यासारखा बोलायचा. दत्ताच्या बापाला म्हणाले, “पोरगं हितंच ऱ्हाईल आजीपाशी. मी इचारत न्हाई, सांगतोय.” आणि पोरगं राहिलं. सरांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी अभ्यासाला बसलं, पासही झालं. आता पुण्यात कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर आहे. त्याचा बाप नंतर सरांना म्हणाला, “मास्तर, तेवढं ते पाव्हण्याचं लिवल्यालं खोडा की आता.” सर म्हणाले, “खाडाखोड नाही.”

हा त्यांचा दुसरा आवडता शब्द. शाळेला क्लार्क नव्हता, ती जागा कधी भरलीच नाही. त्यामुळे शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे ज्या जाडजूड वहीत प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण आणि वर्तणूक लिहितात ती वही, सरांच्याच ताब्यात. दाखलेही तेच लिहायचे. रजिस्टरमध्ये एकदा लिहिलं ते लिहिलं. तिथं खाडाखोड केलेली चालत नाही, असा नियमच असतो. सरांनी तो नियम उचलून घरी नेला होता.

घरात सर एकटेच. आम्ही आठवीत असताना त्यांची बायको नगरला भावाकडं गेली ती परत आलीच नाही. गावाला त्याचं कारण माहीत नव्हतं, म्हणून गावाकडं पाच-सहा कारणं होती. पाण्याच्या टाकीपाशी बायका ती आलटून पालटून वापरायच्या.

आता माझं. माझं अक्षर चांगलं होतं. म्हणजे अगदी छापल्यासारखं. शाळेच्या फळ्यावर सुविचार मी लिहायची, गावातल्या बायका हळदीकुंकवाची बोलावणी माझ्याकडून लिहून घ्यायच्या. माझं नावही सुरेखा. आठवीपासून मी मनाशी धरून बसले होते, की निदान मला तरी सर काही वाईट लिहिणार नाहीत.

दहावीच्या सहामाहीनंतर पालकसभा झाली. माझी आई आली होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं, ती पदर सावरून पहिल्या बाकावर बसली होती. सरांनी माझं पुस्तक उघडलं आणि वाचलं, “अक्षर सुंदर. मजकूर नाही.”

आईला ‘सुंदर’ तेवढं कळलं. ती हरखली. मग तिनं विचारलं, “अन् ते दुसरं काय म्हनलं, गुरुजी?”

सर म्हणाले, “म्हंजी ताट लखलखीत घासलंय, पन त्यात वाढल्यालं काय न्हाई.”

सगळे पालक हसले. आणि आई पण हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईतो. घरी जाताना तिनं वाटेत भेटेल त्या बाईला ते सांगितलं. “गुरुजी लई इनोदी बाई. आमच्या सुरेखाला काय म्हनले, ऐक.” सरांनी म्हटलेलं मी विसरले असते. आई हसली ते मला सहन झालं नाही.

जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या आधी, मी एकदा सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत गेले. वर्गाची किल्ली विलासकडं असायची. विलास हा आमच्यातला सगळ्यात सरळ मुलगा. अभ्यासात बेताचा, पण पळण्यात तालुक्यात पहिला. पहाटे उठून पाझर तलावाला तीन फेऱ्या मारायचा, मग येऊन वर्ग उघडायचा, झाडायचा, माठ भरायचा. त्याला मिलिटरीत जायचं होतं. दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतंच. केससुद्धा तो आधीपासून तसेच कापायचा. त्या दिवशी त्यानं वर्ग उघडला, घागर घेऊन हापशाकडं निघाला आणि मला आत शिरताना बघून म्हणाला, “आज लवकर गं?”

मी खडू घेतला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम तिरकं काढलं आणि फळाभर लिहिलं :

शाळा सोडल्याचा दाखला
नाव : सौ. थिटे
शाळा सोडल्याचे कारण : मास्तर
वर्तणुक : चांगली
शेरा : पुन्हा प्रवेश घेणार नाही

मग मी मागच्या बाजूनं बाहेर गेले आणि प्रार्थनेच्या रांगेत उभी राहिले. प्रार्थनेनंतर वर्गात आलेली पोरं हसून हसून बाकांवर पडली. मीही हसले, सगळ्यांपेक्षा थोडी जास्तच. पुसायला कोणी उठलं नाही. आमच्या अकरा जणांचा सगळ्यात सुखाचा तास कोणता विचारलं, तर तो होता, हे आज स्नेहमेळाव्यात कोणी कबूल करणार नाही.

सर आले. दारातच थांबून त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग ते पुढं झाले, खडू उचलला आणि ‘वर्तणुक’मधला णु पुसून तिथं दीर्घ णू काढला. आमच्याकडं वळले.

“मजकूर चांगला आहे,” ते म्हणाले. “कोणाचा?”

 तो ऱ्हस्व णु माझा होता. तीन वर्षं माझ्या प्रत्येक निबंधात सरांनी तो लाल शाईनं दीर्घ केला होता आणि प्रत्येक निबंधात मी तो पुन्हा ऱ्हस्व लिहिला होता. अक्षर तिरकं करता येतं, चूक तिरकी करता येत नाही.

कोणी उठलं नाही. सरांनी विचारलं, “किल्ली कोणाकडं असते?” विलास उभा राहिला.

“तू लिहिलंस?”

“न्हाई सर.”

“मग कोणी?”

 विलासनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो खिडकीतून ग्राउंडकडं बघत होता.

सर म्हणाले, “ज्यानं लिहिलं त्यानं निरोप समारंभापर्यंत मला येऊन सांगावं. नाही आलं कोणी, तर किल्ली ज्याची त्याची वर्तणूक.” आणि कालचा धडा पुढं सुरू केला. त्या दिवशी त्यांनी समास इतके छान शिकवले, की ते मला अजून येतात.

पूर्वपरीक्षेची प्रगतिपुस्तकं आली. माझ्या रकान्यात लिहिलं होतं, “अक्षर सुंदर. मजकूर चांगला.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. फळ्यापुढं उभं राहून म्हटलेलेच शब्द त्यांनी माझ्या पुस्तकात लिहिले होते.  आणि खोटं कशाला बोलू, त्यातही मला आत कुठंतरी आनंद झाला, की शेवटी त्यांनी मला चांगलं म्हटलं. मी आईला ते वाचून दाखवलं. आई म्हणाली, “बघ, सुदारली का न्हाई.”

मी हिशेब असा केला, की सरांना माहीत आहे, तेव्हा ते विलासचं काही वाकडं करणार नाहीत. उगाच धाक दाखवतात. निरोप समारंभ झाला. आम्ही चारही मुलींनी साड्या नेसल्या, मी आभारप्रदर्शन केलं, सगळी रडली. सर शेवटी एकटेच ऑफिसात बसून राहिले, दार उघडं ठेवून. मी दोनदा दारावरून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “सर, येते.” ते म्हणाले, “ये.” मी गेले.

जूनमध्ये दाखले मिळाले. माझ्या दाखल्यावर वर्तणूक ‘चांगली’. विलासच्या दाखल्यावर ‘असमाधानकारक’.

तो अठरा वर्षांचा होईपर्यंत कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मग नगरला भरती निघाली. पळण्यात तो त्याच्या तुकडीत पहिला आला, छाती भरली, उंची भरली. कागद तपासणाऱ्या साहेबानं दाखल्यावर बोट ठेवलं आणि दुसरा आणायला सांगितलं. विलास दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गावात आला. सर म्हणाले, “रजिस्टरमध्ये जे आहे तेच दाखल्यात येतं. रजिस्टरमध्ये खाडाखोड होत नाही.”

त्याची आई शाळेच्या व्हरांड्यात दिवसभर बसून राहिली. पारूकाकू. मी त्या दिवशी जामखेडच्या कॉलेजातून एसटीनं परत येत होते. गाडी शाळेपाशी थांबते. खिडकीतून मला काकू दिसल्या, खांबाला टेकून बसलेल्या, हातात पिशवी, पिशवीत बहुतेक सरांसाठी भुईमुगाच्या शेंगा. मला उतरायचं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. आत जायचं आणि म्हणायचं, मी लिहिलं. पण माझ्या डी.एड.चा अर्ज भरायचा होता आणि त्याला शाळेचा वर्तणुकीचा दाखला लागत होता. कंडक्टरनं बेल मारली. मी पुढच्या थांब्यावर उतरले, जिथं रोज उतरायची.

पुढं विलास दोन भरत्यांना गेला. दोन्हीकडं तेच झालं. मग वय निघून गेलं. त्यानं मंडपाचा धंदा टाकला.

मी खूप वर्षं सरांना शिव्या दिल्या. नवऱ्यालाही सांगितलं, की आमच्या शाळेत एक राक्षस होता, निरपराध मुलाचं आयुष्य नासवलं त्यानं. राक्षस कशावरून चिडला होता, ते मात्र कधी सांगितलं नाही. आता मला असं वाटतं, की सर माझी वाट बघत होते. मी सरांच्या मोठेपणाची वाट बघत होते. आणि विलास आमच्या दोघांची वाट बघत तलावाला फेऱ्या मारत होता. तीन माणसं एका शब्दावर अडून बसली, आणि तो शब्द फक्त माझ्याजवळ होता.

गेल्या दिवाळीत आमच्या ग्रुपवर ठरलं, की वर्ग पुन्हा भरवायचा. हल्ली गावोगाव भरवतात तसाच. घंटा, प्रार्थना, हजेरी, फेटे, शाल-श्रीफळ आणि जेवण. अकरापैकी नऊ जण आलो. दत्ताला सुट्टी मिळाली नाही. एका मैत्रिणीला घरच्यांनी सोडलं नाही. मंडप विलासचा. मी पोचले तेव्हा तो शिडीवर चढून झालर बांधत होता. पोट सुटलंय, केस मात्र अजून तसेच बारीक. मला बघून खाली उतरला.

“सुरेखा, फळा तू लिव्ह. तुजं अक्षर लई दिसांनी बगू दे.”

त्यानं माझ्या हातात खडू दिला आणि पुन्हा शिडीवर चढला. मी ‘सुस्वागतम्’ लिहिलं. अक्षर सुंदर आलं.

सर आले. खूप थकलेत. डोक्यावर केस उरलेले नाहीत. विलासनंच त्यांना टेम्पोतून आणलं होतं आणि विलासनंच फेटा बांधला. मग एकेक जण माईकवर जाऊन बोलला. सरांनी सोललं म्हणून आम्ही घडलो, असा एकूण सूर. ज्याला सरांनी बैल म्हटलं होतं तोही डोळे पुसत होता. विलासची पाळी आली तेव्हा तो माईकपाशी गेला आणि म्हणाला, “मला काय बोलता येत न्हाई. मंडप घातलाय, गोड मानून घ्या.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी. सर पहिल्या रांगेत होते. मी उभी राहिले तसे ते खुर्चीत पुढं सरकले आणि त्यांनी उजवा हात कानामागं धरला. बाकी आठ जणांना ऐकताना त्यांनी हात कानामागं धरला नव्हता. विलास मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. मी रात्रभर ठरवून आले होते. पहिलं वाक्य पाठ केलं होतं : त्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं होतं.

मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, “या शाळेनं आम्हाला संस्कार दिले. थिटे सर म्हणजे आमच्या जीवनाचे शिल्पकार...”

सात मिनिटं बोलले. मला बोलता चांगलं येतं. दोन जणी रडल्या. मध्येच कधीतरी सरांचा हात कानावरून खाली आला.

शेवटचा कार्यक्रम शेऱ्यांचा होता. आमच्यातल्या कोणाला तरी सुचलं होतं, की आठवण म्हणून प्रत्येकाला एक छोटी वही द्यायची आणि पहिल्या पानावर सरांनी शेरा लिहायचा. सरांनी खिशातून लाल पेन काढलं. तेच होतं की काय कोण जाणे. एकेकाचं लिहून झालं, की सवयीनं निब डोक्याकडं जायची आणि केस नसल्यामुळं फेट्याला पुसली जायची. गुलाबी फेट्यावर कानाच्या वर लाल पट्टा उमटला.

विलासच्या वहीत त्यांनी लिहिलं, “वर्तणूक चांगली.” विलासनं वाचलं.  मग वही परत सरांपुढं ठेवून म्हणाला, “खाली सही करा सर. सहीबिगर चालत न्हाई कुटं.”

सरांनी सही केली. पेन तसंच धरून विचारलं, “तारीख कोनची टाकू?”

“आजचीच टाका,” विलास म्हणाला. “मागची टाकून काय करायची? वय थोडंच मागं जातंय.”

सरांनी तारीख टाकली. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. मी दोन पावलांवर उभी होते, माझी वही हातात धरून.

माझ्या वहीत लिहायला त्यांना वेळ लागला नाही. लिहून त्यांनी ती मिटली आणि माझ्या हातात दिली. मी वाकून पाया पडले. ते आशीर्वादाचं काही म्हणाले नाहीत.

विलासनं त्यांना धरून टेम्पोत पुढं बसवलं. मागं खुर्च्या, सतरंज्या, झालरी भरलेल्या. फेटा तसाच डोक्यावर. विलासनं टेम्पो सुरू केला आणि मला म्हणाला, “चल, यीतो गं सुरेखा. फळा पुसू नको, ऱ्हाऊ दे. चांगलं आलंय.” सर समोर बघत होते. टेम्पो शाळेच्या फाटकातून वळला, तलावाच्या रस्त्याला लागला, आणि मागच्या खुर्च्यांचा खडखडाट बराच वेळ ऐकू येत राहिला.

मग मी वही उघडली. लाल शाई अजून ओली होती.

“अक्षर सुंदर. मजकूर नाही.”

खाली सही होती. तारीख टाकली नव्हती.